निळीचा धागा: कुड्याच्या पानापासून डेनिमच्या गिरणीपर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं. माझा उभा जन्म गिरण्यांच्या रंगखात्यात गेला. मला जे खरोखर येतं तेच त्यांच्या नावानं बोलावं, असं ठरवून मी आजचा विषय घेतला आहे: डेनिमचं सूत निळीत कसं रंगतं. विषय परका वाटेल, पण या सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या मुलामुलींपैकी निम्म्यांच्या अंगावर आत्ता तेच सूत आहे. आणि या सुताचा भोर-वेल्ह्याच्या डोंगरांशी आणि पाण्याशी काय संबंध, तेही मला सांगायचं आहे.

जीन्सचा पाय उलटा करून पाहा. बाहेरून निळं कापड आतून पांढुरकं दिसतं. उभा धागा, म्हणजे ताणा, रंगवलेला असतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, पांढराच ठेवतात. विणताना ताण्याचा धागा तीन बाण्यांवरून जातो आणि एकाखालून, म्हणून निळा रंग वर राहतो आणि कापडावर त्या तिरक्या रेघा उमटतात. आता त्यातला एक निळा धागा ओढून काढा आणि ब्लेडनं आडवा कापा. भिंगाखाली धरलात तर कडेला निळं कडं आणि मधे पांढरा गाभा दिसेल. सगळं डेनिम या पांढऱ्या गाभ्यावर उभं आहे. धुण्यानं, घासण्यानं वरचं कडं झिजत जातं, गाभा उघडा पडतो आणि गुडघ्यावर, खिशाच्या काठावर ते फिकटपण येतं, ज्यासाठी जगभर लोक पैसे मोजतात. धागा आरपार रंगला असता तर जीन्स जुनी झाल्यावर नुसती मळकट दिसली असती.

गाभ्यापर्यंत रंग पोचत नाही, याचं कारण नीळ या पदार्थाच्या स्वभावात आहे. बहुतेक रंग पाण्यात विरघळतात आणि कापसाच्या तंतूत शिरतात. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिची भुकटी बादलीत टाकून दिवसभर ढवळा, सूत बुडवा, पिळा आणि धुवा, रंग धुवून जाईल. ती विरघळवायची तर तिचं क्षपण करावं लागतं, आणि तेही अल्कलीत. दहावीच्या पुस्तकात ऑक्सिडीकरण आणि क्षपण अशी जोडी असते, त्यातलंच हे क्षपण. क्षपण झालं की नीळ आपला निळेपणा सोडते. पाणी पिवळसर हिरवं होतं. या रूपात ती सुतात शिरू शकते. सूत बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन तिला गाठतो, ती पुन्हा मूळ निळ्या, न विरघळणाऱ्या रूपात येते आणि तंतूत अडकून बसते. पिवळं सूत बाहेर येतं, हिरवं होतं आणि मिनिटभरात डोळ्यांसमोर निळं होतं. रंगखात्यात मी ते रोज पाहत होतो आणि रोज पाहतच राहत होतो.

ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेतून निघालेली नाही. ती हजारो वर्षांची आहे आणि आपल्या देशात ती फार प्रगल्भ होती. नीळ किंवा गुळी या झुडपाच्या पानांत मुळात निळा रंग नसतोच. त्यात एक रंगहीन द्रव्य असतं. पाला हौदात बुडवून रात्रभर आंबवला की ते सुटून पाण्यात येतं. मग ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन माणसं फळ्यांनी, वल्ह्यांनी तासन् तास झोडपत. हवा मिसळली की निळा गाळ खाली बसे. तो उकळून, गाळून, दाबून वड्या पाडत. या वड्या भारतातून जगभर जात.

आता आपल्या डोंगरांकडे या. गुळीच्या कुळातल्या अनेक जाती सह्याद्रीत रानोमाळ उगवतात, पण त्यातल्या बहुतेकींत रंग नावापुरताच असतो. म्हणून उद्या कोणी तोरण्याच्या माळावरून झुडपं उपटून आणू नयेत. मला जास्त मोलाचं वाटतं ते काळ्या कुड्याचं झाड. औषधाचा पांढरा कुडा वेगळा. काळ्या कुड्याच्या लांब शेंगा जोडीनं लोंबतात आणि कोवळेपणी त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. शास्त्रज्ञांनी या झाडाच्या नावातच रंगाऱ्याचा शब्द घातला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञानं पूर्व किनाऱ्यावर या झाडाच्या पानांपासून नीळ काढण्याचे प्रयोग केले. पानं गरम पाण्यात ठेवली की रंग सुटतो, असं त्यानं नोंदवलं. दक्षिणेत ही नीळ पुढे बरीच वर्षं निघत होती. आपल्याकडे हे झाड बांधाबांधाला दिसतं, आणि आपण त्याला सरपणाच्या वर किंमत दिलेली नाही.

दुसरी ओळख कारवीची. वेल्ह्यातल्या माणसाला कारवी सांगायला नको, घराच्या कुडापासून माळ्यापर्यंत ती लागते आणि सात-आठ वर्षांनी फुलली की डोंगर जांभळा होतो. आपल्या कारवीतून रंग निघत नाही. पण तिच्याच कुळातली एक बहीण आसाम-मणिपूरकडे आहे, आणि तिच्या पानांतून तिथल्या विणकर बायका पिढ्यान् पिढ्या नीळ काढत आल्या आहेत.

तिसरा टाकळा. पहिल्या पावसानंतर त्याची कोवळी भाजी तुम्ही सगळ्यांनी खाल्ली आहे. त्याचं बी दक्षिणेकडच्या रंगाऱ्यांनी निळीच्या माठासाठी वापरलं. बी पाण्यात शिजवायचं, ते पाणी बियांसकट माठात ओतायचं, चुना घालायचा, निळीची भुकटी घालायची आणि झाकून उबेला ठेवायचं. बियांवर जंतू वाढतात आणि नीळ विरघळवायला लागणारं क्षपण ते जंतू करतात. काही रंगारी गूळ घालत, काही खजूर. काही दिवसांनी माठातलं पाणी हिरवट पिवळं होतं, वर तांब्यासारखी चमकणारी साय धरते, मधोमध निळा फेस जमतो. तेव्हा माठ तयार झाला. थंडीत तो मंदावतो, चुना जास्त झाला तर जंतू मरतात, कमी झाला तर माठ आंबट होऊन नासतो. पीएच मोजायचं यंत्र नसताना वास, बोटांना लागणारा बुळबुळीतपणा आणि सायीचा रंग यांवर हे सांभाळणाऱ्या माणसांना मी मोठे रसायनज्ञ मानतो.

अशी माणसं पुण्यात होती. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत पुणे, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत निराळी समाजाची नोंद आहे. निळीत सूत रंगवणं हाच त्यांचा धंदा. कोष्टी, साळी विणत, पण त्यांच्या मागावर चढणारं निळं-काळं सूत निराळ्यांच्या माठातून येई. आपल्या आज्यांच्या गडद चंद्रकळेमागे कोणाचे तरी कोपरापर्यंत निळे झालेले हात होते. लक्षात घ्या, ते कापड नव्हे, सूत रंगवत होते. म्हणजे डेनिमच्या गिरणीत आज जे काम यंत्र करतं तेच. मराठी वस्त्रांचा इतिहास लिहिताना आपण पैठणीवर पानंच्या पानं लिहिली आणि निराळ्यांना एक ओळ दिली. ही आपल्या अभ्यासातली मोठी उणीव आहे.

निळीच्या शेतीची काळी बाजू मी थोडक्यात सांगतो. बंगालात १८५९ साली शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार देऊन उठाव केला. बिहारमध्ये चंपारणात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याची सक्ती होती. जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार केली होती. १८९७ मध्ये बीएएसएफ या कंपनीनं कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी तो तोटा कुळांच्या माथ्यावर टाकला. नीळ नको असेल तर खंड वाढवून द्या, असा त्यांचा हिशेब होता. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले ते या पार्श्वभूमीवर. कारखान्यातली नीळ आणि पानातली नीळ यांचा मुख्य रेणू एकच आहे. पानाच्या निळीत सोबतीला थोडी तांबडी आणि इतर द्रव्यं असतात, म्हणून छटा जरा वेगळी येते, एवढंच. आज जगातलं जवळजवळ सगळं डेनिम कारखान्यातल्या निळीचं आहे.

आता गिरणीत या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे सहसा कोणी सांगत नाही.

सूत कांडीवर येतं. बॉल वॉर्पिंगच्या यंत्रावर साडेतीनशे-चारशे धागे एकत्र करून त्यांचा एक दोर करतात आणि तो मोठ्या ओंडक्यासारखा गुंडाळतात. एका दोरात काही हजार मीटर लांबी असते. असे बारा, चोवीस, कधी छत्तीस दोर शेजारी शेजारी रंगाच्या यंत्रात सोडतात. बारा दोर आणि दर दोरात साडेतीनशे धागे धरले तर चार हजार दोनशे धागे एका वेळी चाललेले असतात, मिनिटाला वीस-तीस मीटर वेगानं. याला रोप डाइंग म्हणतात. दोर न वळता धाग्यांची चादरच रंगवायची दुसरीही पद्धत आहे, तिला जागा कमी लागते आणि खळही त्याच यंत्रावर चढते. पण छटेची एकसारखी खोली हवी असेल तर माझं मत रोपच्या बाजूनं आहे.

पहिल्या पेट्यांत कॉस्टिक सोडा आणि ओलावा आणणारं द्रव्य असतं. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, ते काढलं नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग धुणं, आणि मग निळीच्या पेट्या, बहुधा सहा किंवा आठ. प्रत्येक पेटीत दोर वीस-तीस सेकंद बुडतो, रबरी रोलरांखाली पिळला जातो आणि उंच रुळांवरून मिनिट-दीड मिनिट हवेत फिरतो. कामगार या हवेतल्या फेरीला स्काइंग म्हणतात. मग पुढची पेटी.

एकाच पेटीत जास्त नीळ घालून का भागत नाही, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. विरघळलेल्या निळीला कापसाची ओढ फार कमी असते. घट्ट द्रावणात बुडवलं तर रंग तंतूवर नुसता थापला जातो आणि हात लावला की हाताला लागतो. भिंतीला चुन्याचे पातळ हात एकावर एक द्यावेत, तसे निळीचे पातळ थर चढवावे लागतात, आणि प्रत्येक थर हवेत पक्का झाल्यावरच पुढचा. निराळ्यांनाही हे ठाऊक होतं. गडद रंगासाठी तेही पुन्हा पुन्हा बुडवत आणि पुन्हा पुन्हा वाळवत.

माठातल्या जंतूंच्या जागी इथे सोडियम हायड्रोसल्फाइट असतं. रंगखात्यात त्याला नुसतं हायड्रो म्हणतात. चुन्याच्या जागी कॉस्टिक सोडा. हायड्रोचा स्वभाव असा की तो निळीचं क्षपण करतो आणि हवेशीही झगडत राहतो. पेटीच्या पृष्ठभागावर, दोराबरोबर येणाऱ्या हवेत तो सतत खर्च होतो, म्हणून तो सतत घालत राहावा लागतो. कमी पडला तर नीळ पेटीतच निळी होऊन गाळ बनते आणि धाग्यावर डाग पडतात. जास्त झाला तर आधीच्या बुडीत बसलेला रंग पुढच्या पेटीत परत विरघळतो. आता मिलिव्होल्टमध्ये मोजणारी यंत्रं आहेत आणि उणे सातशेच्या पुढचा आकडा ठेवायचा असतो. पण जाणता डाय मास्टर आधी पेटीत डोकावतो. द्रावण पिवळसर, पारदर्शक आणि वर तांबूस साय असेल तर तो पुढे जातो. माठावर वाकलेला निराळी नेमकं हेच बघत होता.

पांढऱ्या गाभ्याचं गुपित पीएचमध्ये आहे. पीएच ११ च्या आसपास असताना विरघळलेल्या निळीला कापसाची ओढ सगळ्यात जास्त असते. ती धाग्याच्या कडेलाच पटकन बसते आणि आत जात नाही. पीएच १३ कडे नेला तर ओढ कमी होते, नीळ आत आत शिरते आणि तेवढ्याच निळीत छटा फिकी दिसते. म्हणजे कॉस्टिकचा हात थोडा इकडे-तिकडे झाला की कापड झिजण्याची सगळी रीतच बदलते. जीन्स किती वर्षांनी कशी पांढरी होणार, ते या पेटीपाशी ठरून गेलेलं असतं.

या पेट्या रोज ओतून टाकत नाहीत. तेच द्रावण भर घालत महिनोन् महिने चालवतात. यंत्र मधेच थांबलं तर पेटीत अडकलेल्या लांबीची छटा बदलते आणि तेवढं सूत बाद होतं. म्हणून पाळी बदलताना सुद्धा दोर चालूच राहतो. रंगल्यावर धुणं, वाफेच्या सिलिंडरांवर वाळवणं, आणि दोर कॅनमध्ये घड्यांनी उतरवणं. पुढे तोच दोर पुन्हा धाग्याधाग्यानं सुटा करून बीमवर घेतात, तुटलेले धागे जोडतात, खळ देतात आणि मागावर चढवतात. दोर सोडवण्याचं हे काम डोळ्यांचा आणि बोटांचा कस पाहणारं आहे, आणि ते करणाऱ्यांचं नाव कोणत्याच लेबलावर येत नाही.

भोर-वेल्ह्यातल्या पुष्कळ घरांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ ला तिथल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्या गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. त्याच दशकात अहमदाबादेत अरविंद मिलनं डेनिम काढायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात रेमंडचा डेनिमचा कारखाना यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला, कापसाच्या ऐन मुलखात. डेनिमचं जाड सूत आखूड धाग्याच्या कापसातूनही निघतं, त्यामुळे वऱ्हाडात ते शोभतं. नव्या कापडाची लाट आली तेव्हा मुंबईतले अनुभवी रंगारी घरी बसले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पाण्याविषयी. वेल्ह्यात गुंजवणी आणि कानंदी, भोरमध्ये नीरा आणि वेळवंडी या नद्या. वेळवंडीवर भाटघर धरण झालं आणि इथलं पाणी खालच्या मुलखात उसाला जाऊ लागलं. नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते. आपण पाण्याच्या उगमाशी राहणारी माणसं आहोत, म्हणून रंगाऱ्यानं काय मागे सोडलं हे आपल्याला कळलंच पाहिजे.

लोकांना नाल्यातला निळा रंग दिसतो आणि ते घाबरतात. उल्हासनगरमध्ये जीन्स शिवण्याबरोबर ती धुण्याचे, फिकी करण्याचे कारखाने वाढले आणि वालधुनी नदी कशी नासली, ते मुंबईच्या बाजूची मंडळी जाणतात. पण खरं सांगायचं तर नीळ न विरघळणारी असल्यामुळे ती पाण्यातून काढणं तुलनेनं सोपं आहे. अवघड आहे ते न दिसणारं. हायड्रो खर्च झाला की त्याची सल्फाइटं, सल्फेटं होतात. त्यात कॉस्टिक मिळून पाणी खारट होतं. हे क्षार साध्या गाळणीत अडकत नाहीत. ते शेतात गेले तर जमीन घट्ट आणि नापीक होते. ते काढायला पडद्यांमधून दाबानं पाणी गाळावं लागतं आणि उरलेला खार आटवावा लागतो, आणि दोन्हींना वीज आणि पैसा लागतो. म्हणून नदी निळी दिसली नाही एवढ्यावर ती स्वच्छ आहे असं मानू नका.

यावर उपाय निघत आहेत. आधीच क्षपण करून आणलेली द्रवरूप नीळ वापरली तर हायड्रो निम्म्याहून कमी लागतो. विजेनं क्षपण करायचे प्रयोगही यंत्रापर्यंत आले आहेत. मात्र ‘नैसर्गिक नीळ’ अशी चिठ्ठी लावलेलं कापड म्हणजे पाणी वाचलं, हे खरं नाही. झाडाची नीळ हायड्रोतच विरघळवणारे पुष्कळ आहेत. खरा प्रश्न नीळ कुठली हा नाही. तिचं क्षपण कशानं केलं आणि पाणी कसं सोडलं, हा आहे.

भोरला औद्योगिक वसाहत हवी, ही मागणी आपण अनेक वर्षं ऐकतो. पोरांना काम हवं, याबद्दल दुमत नाही. उद्या इथे कापड शिवण्याचे कारखाने आले तर त्यांचं स्वागत करा. विणण्याचे आले तरी करा. पण सूत रंगवण्याचा किंवा जीन्स धुण्याचा कारखाना नीरेच्या खोऱ्याच्या माथ्यावर येत असेल, तर क्षारासकट सगळं पाणी आत फिरवण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून चालू असल्याशिवाय त्याला ग्रामसभेनं होकार देऊ नये. रंगखात्यात पोट भरलेला माणूस म्हणून हे मी सांगतो आहे. जी मुलं अशा खात्यांत नोकरीला जातील त्यांनाही सांगतो: हायड्रोच्या भुकटीला पाण्याचा थेंब लागला तर ती तापून पेट घेऊ शकते, आणि कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे मागून घ्या, ते नसतील तर कामाला हात लावू नका.

शाळांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. टाकळ्याच्या शेंगा पावसाळ्यानंतर पिकतात. या वर्षी बी गोळा करा, बाजारातून थोडी निळीची भुकटी आणा, आणि चुना स्वतः हाताळून एक माठ लावा. मुलांना क्षपण आणि ऑक्सिडीकरण फळ्यावर शिकवण्याआधी एका सुताच्या लडीवर दाखवा. आणि पुणे, नगर, सोलापूरकडे ज्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत निराळी घरं आहेत, त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून माठाची कृती, त्यातले जिन्नस, त्यांची मापं आणि त्यांचे शब्द लिहून घ्यावेत आणि त्याची एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात ठेवावी. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही, कारण तोवर सांगणारी माणसं उरणार नाहीत.